मोहरीची उशी

"बायांनो, आता पदर जरा सैल सोडा," तडवी सिस्टर म्हणाली, आणि गच्चीवरच्या झाडून साऱ्या बायकांनी पदर घट्ट आवळून घेतले.

चैत्र नुकताच लागला होता. ऊन म्हणाल तर असं, की पापड लाटून चादरीवर टाकला तर उचलेपर्यंत भाजून तयार. कावळेसुद्धा आमच्या कठड्यावर बसायचे नाहीत. पाय पोळतात म्हणून हवेतल्या हवेत उभे राहून काव काव करायचे. हे खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पुढं सांगणार आहे ते याहून खोटं वाटेल, आणि ते मात्र खरं आहे.

आमचं गाव यावलकडचं, केळीच्या बागांतलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी घरोघरी पापड व्हायचे, आणि सगळ्या गल्लीचे पापड आमच्या गच्चीवर, कारण अख्ख्या गल्लीत स्लॅबचं घर आमचंच. दोन बाजा उभ्या करून त्यांवर गोधड्या टाकायच्या, त्या सावलीत पोळपाट मांडायचे. एकीनं उडदाचं पीठ कुटायचं, एकीनं तेलाचा हात लावून त्याच्या वळ्या करायच्या, दोऱ्यानं लाट्या कापायच्या, बाकीच्यांनी लाटायचं. आणि मी, द्वारकाबाई, पीठ बघायची आणि थापा मारायची. दोन्ही कामांत माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पिठाचा गोळा हातात घेतला की आत गुठळी कुठं राहिली ते बोटांना कळायचं. गुठळी राहिली की पापड लाटताना फाटतो. थापांचं म्हणाल तर त्या कधी फाटल्या नाहीत.

तर तडवी सिस्टर. सरकारी दवाखान्यातली नर्स, उंच, सावळी, आवाज खणखणीत. बायका दवाखान्यात जमत नाहीत म्हणून बिचारी जिना चढून आमच्यात आली होती.

"छातीत गाठ आहे का, ते दर महिन्याला आपलं आपण बघायचं," ती म्हणाली. "पाळी संपली की चार-पाच दिवसांनी. आधी आरशासमोर उभं राहून. मग हातानं."

"आपलं आपण?" विमल चौधरी म्हणाली. विमल म्हणजे तोफ. "काय बोलता सिस्टर, इथं लेकीसुना बसल्यात."

"त्यांच्यासाठीच बोलते."

"माय वं! स्वतःलाच चाचपायचं?" असं म्हणून विमलनं तोंडाला पदर लावला, आणि आमची सगळ्यात लहान सिंधू, लग्न होऊन वर्ष झालेली, ती पोळपाटात इतकी वाकली की नाकाला पीठ लागलं.

मी कशाला गप्प बसते? "सिस्टर," मी म्हटलं, "आरसा आमच्याकडं एकच, तोही टिकली दिसेल एवढा. त्यात बघायचं म्हणजे हप्त्याहप्त्यानं बघावं लागेल."

गच्ची हसून हसून आडवी झाली. हसली नाही ती फक्त माझी जाऊ. केशर तिचं नाव. आम्ही जाऊबाई म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, बोलणं तोलूनमापून, हसणं त्याहून कमी. तिनं लाटणं खाली ठेवलं, रिकामं घमेलं उचललं आणि ती जिना उतरून गेली. 'बघा, जाऊबाईंना लाज वाटली,' असं मी खुणेनं विमलला सांगितलं.

तडवी सिस्टर काही खचली नाही. तिनं एक लाटी उचलली, आमच्याकडं पाठ करून काहीतरी केलं, आणि लाटी फिरवायला दिली. "यात एक मिरीचा दाणा घातलाय. शोधा."

बायकांनी चिमटीत धरून दाबली. कुणाला सापडेना. माझ्या हातात आली. मी तीन बोटं सपाट ठेवली, जरा गोल फिरवली. "हा काय. इथं, कडेला."

"बघा! द्वारकाबाईंनी चिमटीत धरली नाही. बोटं आडवी ठेवली. तसंच करायचं. आणि काखेपर्यंत जायचं, काख विसरायची नाही. बहुतेक गाठी साध्या असतात, घाबरायचं कारण नाही. पण दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही. न दुखणारीच आधी दाखवायची."

"दाखवायची कुणाला?" विमल. "तिथं पुरुष डॉक्टर असतो."

"असतो. मग?"

"मग काय! मेलेलं बरं," विमल म्हणाली, आणि पापड उन्हात टाकायला उठली.

मी त्या संध्याकाळी न्हाणीत गेले ती निव्वळ चेष्टा म्हणून. खरं सांगते, उद्या गच्चीवर काय नवीन सोंग काढता येईल एवढाच विचार डोक्यात. सिस्टरच्या आवाजात स्वतःशीच म्हणत होते, "बोटं आडवी, काख विसरायची नाही." साबणाचा हात. डावीकडं काही नाही. उजवीकडं काही नाही. मग काख विसरायची नाही म्हणून जरा बाजूला सरकले.

आणि बोटं थांबली.

मिरी नव्हती ती. चिंचोक्याएवढी होती, आणि तशीच टणक. दाबली तर दुखेना. हात काढला, परत ठेवला. तिथंच होती. पिठातली गुठळी फोडायची तशी बोटानं दाबून फोडायला गेले. फुटते कसली!

बाहेरून आमच्या ह्यांनी हाक मारली, "अगं, आज गंगेला गेलीस की काय आंघोळीला?"

"आले," मी म्हटलं. एवढंच. दुसरं काही सुचलं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

कुणाला सांगणार? ह्यांना? वीस वर्षांवर संसार झाला होता, दोन लेकरं त्याच छातीवर वाढलेली, पण त्या जागेचं नाव मी ह्यांच्यासमोर कधी घेतलं नव्हतं. अंगात कणकण आली तरी आम्ही 'बरं नाही' म्हणायचो, पाळी आली की 'बाहेरची आहे' म्हणायचो, आणि कंबरेच्या वर गळ्याच्या खाली काही झालं तर काहीच म्हणायचं नाही, कारण त्याला शब्दच नव्हता. वर उज्ज्वला, माझी थोरली, तिचं लग्न ठरलेलं, वैशाखातली तिथी धरलेली. सासरची माणसं सावद्याची, तोलामोलाची. आईला असलं काही आहे म्हटल्यावर लेकीकडं कोणत्या नजरेनं बघतील?

मग मी मला येत होतं तेच केलं. गोष्ट केली.

"माझ्या मावशीच्या गावाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, तुळसा नावाची एक बाई होती," दुसऱ्या दिवशी मी लाट्या कापता कापता सुरुवात केली. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात. "तिच्या छातीत गाठ आली."

"सिस्टरनं पाठवली वाटतं," विमल म्हणाली.

"ऐक तर. ती गाठ साधी नव्हती. पाऊस यायचा असला की फुरफुरायची. तुळसानं सांगितलं, 'उद्या पाणी पडेल,' की पडायचं. मग काय, सारा गाव तिच्या ओट्यावर. पेरणी कधी करू, केळी कधी लावू. पाटील आला, तलाठी आला. सगळे हात जोडून गाठीसमोर बसायचे."

"गाठीसमोर!" सिंधूला हसून ठसका लागला.

"पण गाठ वाढायला लागली. आता बाई, तुम्ही सांगा, तिनं काय करावं?"

हा प्रश्न मी मोठ्या मजेत विचारल्यासारखा विचारला. पण दोरा माझ्या बोटात रुतला होता.

"आंबेहळद उगाळून लावावी," एक म्हणाली. "गरम करून."

"कुणाला सांगू नये. नवरा दुसरी करील."

"दवाखान्यात जाऊन कापून घ्यायचं म्हणजे मग बाईत बाई काय उरली?"

"अगं, पाप असतं ते," विमल म्हणाली. "मागच्या जन्मीचं. उगाच नाही कुणाला होत. आणि घरात लग्नाची पोर असेल तर तिनं जीव गेला तरी तोंड उघडू नये."

पोळपाटाचा आवाज बंद पडला तेव्हा माझं लक्ष गेलं. जाऊबाई माझ्याकडं बघत होती.

"दुखते का तिची?" तिनं विचारलं.

"कुणाची?"

"तुझ्या त्या तुळसाची."

"नाही."

"मग तिला म्हणावं, लवकर जा," जाऊबाई म्हणाली आणि परत लाटायला लागली. सगळ्या हसल्या. गोष्टीतल्या बाईला निरोप धाडणारी आमची भोळी जाऊबाई! मीही हसले.

तिला आम्ही भोळी का समजायचो तेही सांगते. आदल्या वर्षीची गोष्ट. पाण्याच्या टाकीमागं चिमण्यांचा गलका झाला म्हणून मी बघायला गेले, तर तिथं उन्हात एक बारकी गोल उशी. जुन्या धोतराच्या मऊ कापडाची, आत मोहरी. चिमण्यांनी टोचून एका बाजूनं उसवलेली. मोहरीची उशी कुणाच्या डोक्याखाली घालतात ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून बाळंतिणीच्या घरी शिवतात. आमच्या घरात तर तेव्हा बाळ सोडा, बाळाचा वासही नव्हता.

"जाऊबाई, ही कुणाची?"

तिनं माझ्या हातातून ओढून घेतली. "असेल कुणाची तरी."

झालं! तेवढ्यावर मी महिनाभर गच्ची गाजवली. जाऊबाईला पन्नाशीत दिवस गेलेत, थोरल्या भाऊजींनी चोरून पाळणा सांगून ठेवलाय, पाळणा करणारा सुतार विचारतो, बाळाचा की आजोबांचा? बायका जाऊबाईला बघून पदरात तोंड लपवायच्या. डोहाळे विचारायच्या. विमलनं तर तिच्या पुढ्यात चिंचा आणून ठेवल्या. जाऊबाई काही बोलली नाही. उलट एकदा आमच्याबरोबर हसलीसुद्धा. मला वाटलं, बाई खिलाडू आहे.

तर आंबेहळद. तुळसानं लावावी असं ठरलं, म्हणून मी लावली. सहाणेवर उगाळायची, पळीत गरम करायची, न्हाणीत जाऊन लावायची, वर झंपर घालायचा. कैरीसारखा वास यायचा. ह्यांनी विचारलं तर म्हणायचे, लोणच्याची तयारी चाललीय. आणि रोज बोटानं बघायचे. रोज ती तिथंच. इकडं गच्चीवर तुळसाची गोष्ट रोज पुढं. गाठीला नवस बोलणारे आले, गाठीची पालखी निघाली, असं काहीबाही सांगत होते, पण हळूहळू माझ्या गोष्टीतला गंमतीचा भाग कमी व्हायला लागला. एकदा मी म्हणून गेले, "मग तुळसा न्हाणीत बसून रडली." बायका वाट बघत राहिल्या की आता पुढं काहीतरी हसण्यासारखं येईल. ते आलंच नाही.

"अगं, गोष्ट बिघडवू नको," विमल म्हणाली.

आता हळदीच्या डागाचं कसं असतं बघा. कितीही घासा, जात नाही. पण उन्हात टाकलात की दुपारपर्यंत आपोआप उडतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चार वर्षांच्या पोरीला माहीत असतं. पण आमच्यात झंपर उघडा वाळत घालायची पद्धत नव्हती. दोरीवर आधी झंपर, परकर, मग त्यावरून पातळ पसरायचं, म्हणजे वाऱ्यानंसुद्धा कुणाला दिसायला नको. मी रोज धुवायची आणि रोज पातळाखाली झाकायची. ऊन पातळावर पडायचं. डाग खाली आपला सुखात राहायचा, दिवसेंदिवस पक्का होत.

एका दुपारी जाऊबाईनं दोरीवरचे कपडे काढले. मी पापडाच्या खोलीत डबे भरत होते. ती आत आली, दार लोटलं, आतून कडी घातली. तिच्या हातात माझा झंपर होता.

"हे काय गं?"

"लोणचं सांडलं, जाऊबाई. बरणी उचलायला गेले, तर मांजर आडवं आलं. मांजर म्हणजे केवढं..."

"लोणचं आतून सांडतं का?"

तिनं झंपर उलटा केला. अस्तरावर उजव्या बाजूला, काखेजवळ, रुपयाएवढा पिवळाजर्द डाग. बाहेरून जेमतेम सावली.

मी डब्याचं झाकण लावत बसले. ते लागेचना.

"तुळसाची गाठ केवढी आहे?" जाऊबाईनं विचारलं.

"तुम्ही पण ना जाऊबाई! ती गोष्ट..."

"द्वारका."

"चिंचोक्याएवढी," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"सिस्टर आली होती ना, तेव्हापासून. तेव्हा कळली. आधी किती दिवस होती देव जाणे. आखाजी झाली की जाईन. लग्न झालं की जाते. जाऊबाई, तुमच्या पाया पडते, सावद्याला कळलं तर पोरीचं लग्न मोडेल. मला लाज वाटते हो. तो डॉक्टर हात लावणार, ह्यांना सांगावं लागणार. मी काय सांगू? कुठं झालंय म्हणून सांगू?"

जाऊबाईनं माझ्याकडं पाठ केली. मला वाटलं रागावली, जाते आता. पण तिनं पदर खाली टाकला, आणि झंपराच्या गुंड्या काढायला लागली.

"जाऊबाई, काय करता!"

ती वळली. मी डोळे मिटून घेतले. एका घरात इतकी वर्षं राहिलो, एका चुलीवर रांधलं, एकमेकींची बाळंतपणं काढली, पण आम्ही एकमेकींना असं पाहिलं नव्हतं.

"डोळे उघड," ती म्हणाली. "आणि हात पुढं कर."

मी हात पुढं केला. तिनं तळहातावर काहीतरी ठेवलं. गोल, मऊ, जड. तिच्या अंगाच्या उबेनं कोमट. आत बारीक दाणे सरकले.

मोहरीची उशी.

मग मी बघितलं. डाव्या बाजूला काही नव्हतं. सपाट, आणि त्यावर काखेपर्यंत गेलेला एक लांब व्रण, गोधडीला घालतो तशा टाक्यांचा, जुना होऊन पांढरा पडलेला.

"मुंबईला भावाकडं गेले होते, पिशवी काढायला, आठवतं?" ती म्हणाली. "पिशवी जागेवरच आहे."

आठवत होतं. उज्ज्वला तेव्हा शाळेत होती. जाऊबाई चांगले दोन-तीन महिने तिकडं राहिली, आली ती बारीक होऊन, केस कापलेले. तिरुपतीला दिले म्हणाली होती. गर्भाची पिशवी काढली असं सांगितलं, आणि आम्ही तिला डिंकाचे लाडू करून घातले. तेव्हापासून ती डाव्या हातानं जड उचलत नव्हती. तेव्हापासून भल्या पहाटे कुणी उठायच्या आत आंघोळ करत होती. मी, जिला पिठाच्या गोळ्यातली मिरी सापडते, मला यातलं काही दिसलं नव्हतं.

"थोरल्या भाऊजींना...?"

"त्यांना माहीत आहे. कापूस भरत होते मी, तो वर सरकायचा. मोहरी भर म्हणाले, वजन बरोबर येईल. शिवतातही तेच. मला बारीक दोरा ओवता येत नाही आता."

थोरले भाऊजी! बायकोशी दिवसाला दोन शब्द बोलले तर गावात साखर वाटावी असा माणूस. तो दार लावून आत बसतो, सुईत दोरा ओवतो, आणि मोहरीची उशी शिवतो. माझ्या साऱ्या थापा एकत्र केल्या तरी असं काही मला रचता आलं नसतं.

आणि मग मला चिंचा आठवल्या. पाळणा, सुतार, डोहाळे. मी खाली बसले.

"जाऊबाई, ती उशी... मी गच्चीवर... तुम्ही तर हसला होता."

"मग काय करणार? चिमण्यांनी फोडली तेव्हा वाटलं, आता कळलं सगळ्यांना. तू पाळण्याची गोष्ट केलीस, तर सगळ्यांचं लक्ष तिकडं गेलं. तुझ्या थापेखाली माझी झाकली गेली. बरंच वाटलं."

"मला का नाही सांगितलंत? इतक्या वर्षांत एकदा तरी?"

ती गुंड्या लावत होती. रागानं नाही बोलली. मिठाचा अंदाज सांगावा तशी बोलली.

"तू गोष्ट केली असतीस."

मी उशी तिच्यापुढं धरली.

तिनं माझ्या हातातून उशी घेतली, जागेवर बसवली, पदर सारखा केला. माझा झंपर घडी करून माझ्या हातात दिला. "उद्या जळगावला जाऊ. मी येते बरोबर. भाऊजींना आजच सांग. गोष्ट करू नको. सरळ सांग."

जेवताना मी ह्यांना सांगितलं. सरळ. "माझ्या छातीत गाठ आहे. उद्या जळगावला जायचंय."

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मोठ्यानं हसले. "आता ही पण पाऊस सांगते का?"

तुळसा घरोघर पोचली होती. मला हुंदका आला, तर ह्यांना वाटलं मी हसू दाबतेय. "वा! काय सोंग आणतेस!" असं म्हणून ह्यांनी ताक ओढलं. आयुष्यात एक खरं वाक्य बोलले होते, आणि त्याची ही किंमत झाली.

"हसू नका भाऊजी," स्वयंपाकघराच्या दारातून जाऊबाई म्हणाली. "खरं आहे. मी बघितलंय."

ह्यांचा हात ताटातच राहिला.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर पुरुषच होता. तरुण, चष्मा लावलेला, आमच्या मुलापेक्षा थोडा मोठा. त्यानं विचारलं, "केव्हापासून आहे?" मी खुर्चीच्या कडेवर बसलेली, पदर दोन्ही मुठींत. तोंड उघडलं, तर सवयीनं बाहेर पडलं, "त्याचं असं झालं डॉक्टरसाहेब, माझ्या मावशीच्या गावाला..."

"द्वारका," जाऊबाई म्हणाली.

"तीन-चार आठवडे झाले," मी म्हटलं. "न्हाणीत सापडली. दुखत नाही."

त्यानं तपासलं तेव्हा मी छताकडं बघत होते आणि जाऊबाई माझा हात धरून उभी होती. तिला वाटलं असावं मी घाबरलेय. मी घाबरले नव्हते. लाजेनं मरत होते. डॉक्टरच्या हाताच्या लाजेनं नाही, तिच्याशी वागले होते त्याच्या.

गाठ चांगली नव्हती. पण लहान होती, आणि काखेत अजून काही पसरलं नव्हतं. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाला. उजवी बाजू गेली. मग औषधं, मग केस गेले. सावद्याला ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. विहीणबाईंनी नुसतं विचारलं म्हणे, "तिथी पुढं ढकलायची का? त्यांना बसवेल का मांडवात?" उज्ज्वलाचं लग्न दिवाळीनंतर झालं. मी मांडवात डोक्याला रुमाल बांधून बसले होते आणि जाऊबाईनं माझ्या बाजूला कुणाला धक्का लागू दिला नाही. गावाला सांगितलं होतं, 'ऑपरेशन झालं.' कसलं ते कुणी विचारलं नाही. बाईचं ऑपरेशन म्हटल्यावर आमच्यात पुढं विचारत नाहीत.

पुढच्या चैत्रात पुन्हा गच्ची. पुन्हा गोधड्यांची सावली, उडदाचं पीठ, तेच पोळपाट. माझा उजवा हात अजून पुरता वर होत नव्हता. मी डाव्या हातानं पीठ बघत होते.

"हं, द्वारकाबाई," विमल म्हणाली, "मागच्या साली तुळसाची गोष्ट अर्धी टाकलीस. मेली का जगली ती?"

"जगली."

"आणि गाठ?"

"काढली."

"हात्तिच्या! मग पाऊस कोण सांगतं?"

बायका हसल्या. मी पीठ खाली ठेवलं. "विमल, तुळसा-बिळसा कुणी नाही. ती गाठ माझी होती. माझी उजवी बाजू काढलीय."

विमलनं मांडीवर थाप मारली. "झाली सुरू! अगं माय, हिच्या तोंडाला काही लागतच नाही!" आणि अख्खी गच्ची पुन्हा हसायला लागली. सिंधू तर डोळे पुसत होती, मांडीवर पोर घेऊन. मी त्या हसणाऱ्या तोंडांकडं बघत बसले. त्यांचं काय चुकलं? इतकी वर्षं मीच त्यांना हसायला शिकवलं होतं.

जाऊबाई उठली.

ती दोरीकडं गेली. वाळत घातलेलं पातळ ओढून काढलं. खालून आमचे दोघींचे झंपर निघाले. तिनं ते पुन्हा दोरीवर टाकले, वर काही न टाकता, उलटे करून, अस्तर बाहेर. माझा तो जुना झंपर, पिवळ्या डागाचा, तोही होता. वर्षभर मी पेटीच्या तळाशी दडवला होता, तिनं कधी काढून धुतला कोण जाणे. मग ती टाकीमागं गेली, दोन गोल उशा घेऊन आली. एक जुनी, एक नवी. नवीही थोरल्या भाऊजींनीच शिवलेली. दोन्ही तिनं कठड्यावर, भर उन्हात, सगळ्यांच्या समोर ठेवल्या.

"ही माझी," ती म्हणाली. "ही द्वारकेची. घामानं ओल्या होतात, म्हणून ऊन द्यावं लागतं."

आणि येऊन लाटायला बसली.

लाटणं फक्त तिचं एकटीचं वाजत होतं. विमलनं कठड्याकडं पाहिलं, जाऊबाईच्या छातीकडं पाहिलं, आणि झटकन नजर खाली घेतली. चिंचा तिनंच आणल्या होत्या. तिचं तोंड पिठासारखं झालं. सिंधूनं पोर खाली ठेवलं, पदराखाली हात घातला, आणि बोटं आडवी, तशीच बसून राहिली. तिचे ओठ हलत होते, सिस्टरचे शब्द आठवत असावी.

मला एक गोष्ट सुचत होती, चांगली सुचत होती, एका वाक्यात सगळ्या हसल्या असत्या. मी ती गिळली.

दुपार कलली. दोरीवरचा पिवळा डाग फिका होत होत कुठं गेला ते कळलंसुद्धा नाही.

तेवढ्यात चिमण्या आल्या. मोहरीचा वास त्यांना बरोबर लागतो. दोन कठड्यावर, मग चार, उड्या मारत उशांपर्यंत. मी हाकलायला म्हणून हात टेकून उठायला गेले.

मी उठेपर्यंत विमल पोचली होती. तिच्या मागं सिंधू, तिच्या मागं बाकीच्या, पिठाच्या हातांनी पदर खोचत, हुश हुश करत.